जुन्या आलिशान गाड्या : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या आलिशान गाड्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांत गाडी किती किलोमीटर चालली आहे याचा आवर्जून उल्लेख आहे. परंतु तिचे ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, पाण्याचे होज पाइप किती वर्षांचे आहेत, हे फार थोड्या वाचकांनी लिहिले आहे. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीच्या बाबतीत ही दुसरी माहिती पहिलीपेक्षा अधिक मोलाची असते, कारण रबर, प्लास्टिक, गोंद, तारांवरील आवरण आणि निरनिराळी ऑइले ही गाडी जागेवर उभी असतानाही जुनी होतच राहतात.

प्रश्न : मर्सिडीज-बेंझची १९८६ सालची, व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची एस-क्लास, म्हणजे डब्ल्यू १२६ मालिकेतील गाडी, विकत घेण्याचा विचार आहे. मीटरवर किलोमीटर अगदी कमी दिसतात, रंग झळझळीत आहे आणि किंमत एखाद्या मध्यम आकाराच्या नव्या गाडीपेक्षाही कमी आहे. घ्यावी का? घेण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर : किंमत कमी का आहे, हे आधी समजून घ्यावे. आलिशान गाडीचा बाजारभाव काही वर्षांत झपाट्याने उतरतो, परंतु तिच्या सुट्या भागांचा भाव तसा उतरत नाही. ज्या दर्जाची गाडी म्हणून ती घडवली गेली, त्या दर्जाचा खर्च ती शेवटपर्यंत मागते. त्यामुळे हाताशी असलेली सगळी रक्कम खरेदीतच घालू नये. खरेदीच्या किमतीच्या निदान एक-तृतीयांश रक्कम पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर त्याच मालिकेतील सहा सिलिंडरची, दिसायला साधी पण नीट राखलेली गाडी शोधावी, असे माझे मत आहे.

१९७९ ते १९९१ या काळात तयार झालेली ही मालिका मजबुतीसाठी ओळखली जाते आणि ती ख्याती सार्थ आहे. तिच्या व्ही-८ इंजिनाची एक दुखरी जागा मात्र आपल्याला ठाऊक असली पाहिजे. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवणारी टायमिंग चेन ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकते, त्या पट्ट्या वर्षानुवर्षे उष्णता आणि तेल सोसून ठिसूळ होतात. पट्टीचा तुकडा पडून चेनखाली अडकला की चेन दात सोडते, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि जे काम पट्ट्या बदलून भागले असते त्यासाठी अख्खे इंजिन उघडावे लागते. या पट्ट्या बदलल्याची पावती विक्रेत्याकडे नसेल, तर त्या बदललेल्या नाहीत असेच धरून चालावे आणि तो खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावीत. गाडी कमी चालली आहे म्हणून पट्ट्या चांगल्या असतील, हा युक्तिवाद मान्य करू नये, कारण त्या वयानेही ठिसूळ होतात.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी इंजिन चालू करून ठेवू नका असे विक्रेत्याला सांगावे आणि पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी. थंड इंजिन चालू करताना पहिल्या काही क्षणांत चेनचा खडखडाट येतो का, हे नीट ऐकावे. सायलेन्सरमधून निळसर धूर आला आणि थोड्या वेळाने विरला, तर बहुधा व्हॉल्व्हची सीले कडक झालेली असतात. हे काम आटोक्यातले आहे. गाडी तापल्यावर आणि वेग घेतानाही निळा धूर येत राहिला, तर पिस्टनच्या रिंगांविषयी शंका घ्यावी. मीटरवरच्या आकड्याची शहानिशा गाडीच्या आतच करता येते. ब्रेकच्या पेडलावरील रबराच्या रेघा गुळगुळीत झाल्या असतील, चालकाच्या सीटची दाराकडची कड खचली असेल आणि स्टिअरिंगवर हाताची जागा चकचकीत झाली असेल, तर तो आकडा बाजूला ठेवावा.

झळझळीत रंगाने तर अधिकच सावध व्हावे. पातळ फडक्यात गुंडाळलेला लहान लोहचुंबक चाकांच्या कमानींवरून, दारांच्या खालच्या कडांवरून आणि जॅक लावण्याच्या जागांवरून फिरवावा. तो जिथे पकड सोडतो तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे असे समजावे. मागच्या काचेची खालची कड आणि सनरूफच्या पाण्याच्या नळ्या अवश्य तपासाव्यात. या नळ्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी छताच्या अस्तरात आणि तिथून पायाखालच्या गालिच्यात मुरते. गालिचा कोपऱ्यातून उचलून हात लावून पाहावा आणि दारे-खिडक्या बंद करून वास घ्यावा. कोंदट वास येत असेल तर पाणी कुठून येते याचा छडा लागेपर्यंत पुढे जाऊ नये. यंत्राची जवळपास प्रत्येक दुरुस्ती करता येते. आतून कुजलेल्या पत्र्याची दुरुस्ती मात्र बहुतेक वेळा गाडीच्या किमतीपलीकडे जाते.

शेवटी, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या आणि ही मालिका हाताळलेल्या मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर घेऊन खालून तपासून घ्यावी. त्याची फी देताना हात आखडू नये.

प्रश्न : वडिलांची १९७० च्या दशकातील रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो अनेक वर्षे शेडमध्ये उभी आहे. त्यांच्या पश्चात ती आता माझ्याकडे आली आहे. नवी बॅटरी लावून ती चालू करून पाहावी का?

उत्तर : कृपया असे करू नये. अनेक वर्षे थांबलेल्या गाडीचे मोठे नुकसान उभे असताना नव्हे, तर घाईने चालू करण्याच्या त्या पहिल्या मिनिटात होते. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर झालेला असतो आणि तो पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळीकडे ओढला जातो. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात. रिंगा काही ठिकाणी गंजाने चिकटलेल्या असू शकतात. जोराने फिरवल्यास त्या तुटतात किंवा भिंतीवर ओरखडे पाडतात.

क्रम असा ठेवावा. प्रथम एअर फिल्टरची पेटी उघडून आणि सायलेन्सरच्या तोंडात टॉर्चचा झोत टाकून उंदरांची घरटी नाहीत ना, हे पाहावे. वायरिंगही कुरतडलेले असू शकते. टाकी पूर्ण रिकामी करून धुऊन घ्यावी आणि पेट्रोलच्या वाटेवरचे सगळे रबरी पाइप विचार न करता बदलावेत. इंजिन ऑइल आणि फिल्टर नवे घालावेत. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ तेल सोडावे, एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि मग क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, हळूहळू पूर्ण फिरवावे. अडकल्यास जोर लावू नये, पुन्हा तेल सोडून थांबावे. इंजिन मोकळे फिरू लागल्यावर, प्लग काढलेलेच ठेवून आणि इग्निशनचे कनेक्शन सोडवून, स्टार्टरने ते थोडे-थोडे फिरवत ऑइलचा दाब तयार होऊ द्यावा. त्यानंतरच प्लग लावून गाडी चालू करण्याचा प्रयत्न करावा.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. गाडी चालू झाली म्हणजे ती रस्त्यावर नेण्यायोग्य झाली असे नव्हे. १९६५ ते १९८० या काळात बनलेल्या सिल्व्हर शॅडोची ब्रेकची यंत्रणा सर्वसाधारण गाडीपेक्षा अगदी वेगळी आहे. सीत्रोएन कंपनीच्या परवान्याखाली घेतलेल्या या यंत्रणेत इंजिनावर चालणारे पंप द्रवाला मोठा दाब देतात. हा दाब नायट्रोजन भरलेल्या गोलाकार साठवण-टाक्यांमध्ये राखून ठेवला जातो आणि तिथून ब्रेकना तसेच गाडीची उंची समपातळीत ठेवणाऱ्या मागच्या सस्पेन्शनला पुरवला जातो. दोन टनांहून जड असलेली ही गाडी पायाच्या हलक्या दाबाने थांबते ती याच दाबामुळे. तो दाब नसेल तर पेडल किती जोराने दाबले तरी तेवढ्याने भागत नाही. म्हणून रबरी पाइप, सीले आणि त्या टाक्या जाणकार मेकॅनिककडून उघडून दुरुस्त झाल्याशिवाय गाडी अंगणातही हलवू नये. पुढे गाडी वापरात आल्यावर एक सोपी चाचणी आपण स्वतः करू शकता : इंजिन काही वेळ चालवून बंद करावे, किल्ली पुन्हा चालू स्थितीत आणावी आणि ब्रेकचे पेडल पुन्हा पुन्हा दाबून सोडत राहावे. दाब कमी झाल्याचे सांगणारा डॅशबोर्डवरील दिवा जितक्या लवकर लागेल, तितका त्या टाक्यांतील नायट्रोजन संपत आला आहे असे समजावे.

द्रवाच्या बाबतीत तर कणभरही चूक चालत नाही. सिल्व्हर शॅडोसाठी आरआर ३६३ नावाचा, ग्लायकॉल जातीचा खास द्रव ठरवून दिलेला आहे. १९८० नंतर आलेल्या सिल्व्हर स्पिरिटमध्ये मात्र हिरव्या रंगाचे खनिज तेल, म्हणजे एलएचएम, वापरले जाते. दोन्ही गाड्या दिसायला एका घराण्यातल्या असल्याने गॅरेजमध्ये गोंधळ होऊ शकतो. एकीचा द्रव दुसरीत पडला तर तो रबराची सीले फुगवून किंवा विरघळवून टाकतो आणि पंपापासून चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंतची (ब्रेक आवळणाऱ्या भागापर्यंतची) सगळी यंत्रणा उघडावी लागते. डबा आपण स्वतः विकत घ्यावा, त्यावरील नाव स्वतः वाचावे आणि द्रवाच्या टाकीजवळ ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवून ठेवावी. वडिलांच्या कपाटात सर्व्हिसची जुनी पुस्तिका असेल तर तीही शोधावी. त्यांच्या अक्षरातील एखादी नोंद पुढचा पुष्कळ त्रास वाचवू शकते.

प्रश्न : गाडी महिन्यातून एखाद्या वेळीच बाहेर निघते. दर आठवड्याला जागेवरच पाच-दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचा सल्ला मिळाला आहे. तो योग्य आहे का? आणि इतक्या कमी वापरातही दरवर्षी ऑइल बदलायला हवे का?

उत्तर : पहिला सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अपायकारक आहे. जागेवर पाच-दहा मिनिटे चाललेले इंजिन पुरेसे तापत नाही. जळणातून तयार झालेली पाण्याची वाफ ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये गार होऊन साचते, आणि त्या काळात गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, चाकांची बेअरिंगे, ब्रेक यांना काहीच व्यायाम मिळत नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढून अर्धा-पाऊण तास चालवावी, वाटेत सगळ्या खिडक्या वर-खाली कराव्यात आणि एसी थोडा वेळ चालू ठेवावा, म्हणजे कंप्रेसरच्या सीलांना तेल मिळते. तेवढे शक्य नसेल तर गाडी मुळीच चालू न करता नीट झाकून ठेवलेली अधिक बरी. दीर्घकाळ उभी ठेवताना हँडब्रेक सोडून चाकांखाली उटी, म्हणजे अडणीचे ठोकळे, लावावी, कारण ओढलेला हँडब्रेक गंजून तसाच चिकटतो.

ऑइल मात्र दरवर्षी बदलावे. ते चालण्याने खराब होते तसेच त्यात मुरलेल्या आर्द्रतेने आणि आम्लानेही होते. ब्रेक ऑइलचेही तसेच. ग्लायकॉल जातीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा १५५ अंश आहे. घाटाच्या लांब उतारावर सतत ब्रेक लावताना हा फरक जिवावर बेतू शकतो, कारण उकळलेल्या ऑइलमध्ये बुडबुडे होऊन पेडल एकदम खाली जाते. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे.

प्रश्न : माझी जॅग्वार एक्सजे६, ४.२ लिटर इंजिनाची, गर्दीत अडकली की तापमानाचा काटा चढू लागतो. गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकला, तरीही त्रास थांबला नाही, उलट वाढला. रेडिएटर तर नवा आहे. आता काय करावे?

उत्तर : आपला त्रास वाढला, याचे कारण थर्मोस्टॅट काढण्यातच आहे. थर्मोस्टॅट म्हणजे केवळ वाट अडवणारी झडप, ती काढली की पाणी मोकळे वाहील, अशी समजूत फार पसरलेली आहे. आपल्या इंजिनात मात्र त्याचे काम दुहेरी आहे. इंजिन थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवून पाणी एका आडवाटेने पुन्हा इंजिनात फिरवतो आणि इंजिन तापल्यावर रेडिएटरची वाट उघडताना त्याच्या अंगची बाही ती आडवाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसला तर आडवाट कायम उघडी राहते आणि गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरकडे न जाताच इंजिनात परततो. बाही नसलेला साधा थर्मोस्टॅट बसवला तरी हेच होते. तेव्हा त्याच इंजिनासाठी ठरवून दिलेला, बाहीचा थर्मोस्टॅट आणून बसवावा.

त्यानंतर इंजिनाच्या ब्लॉककडे, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या मुख्य ओतीव भागाकडे, वळावे. १९६८ साली बाजारात आलेल्या एक्सजे६ मध्ये बसवलेले हे एक्सके घराण्यातील इंजिन बिडाच्या ब्लॉकचे आहे, आणि वर्षानुवर्षे साध्या पाण्यावर चालवलेल्या ब्लॉकच्या तळाशी, विशेषतः मागच्या सिलिंडरांभोवती, गंजाचा गाळ चिखलासारखा बसतो. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन थंड असताना ब्लॉकच्या बाजूला असलेला पाणी सोडण्याचा नळ उघडावा. त्यातून धार येण्याऐवजी काहीच आले नाही, तर जाड तार आत घालून खरवडावे; आधी तपकिरी चिखलाची गुठळी, मग काळपट पाणी आणि शेवटी धार येईल. असे झाले तर नुसत्या फ्लशिंगच्या औषधाने भागणार नाही. ब्लॉकचे कोअर प्लग, म्हणजे त्याच्या बाजूची धातूची गोल बुचे, काढून आतून खरवडून, पाण्याच्या जोराने उलट्या दिशेने धुवावे लागते. हे न करता नवा रेडिएटर बसवला, तर तो गाळ सुटून त्याच्या बारीक नळ्यांत जातो आणि नवा रेडिएटरही लवकरच निकामी होतो; आपल्याकडे तसे झाले आहे का, हेही तपासून घ्यावे.

गर्दीतच काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, या लक्षणावरून पंख्याचीही शंका घ्यावी. पंख्यामागची चिकट द्रव भरलेली कपलिंग जुनी झाली की इंजिन गरम असतानाही पंखा सैल फिरतो. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवून पाहिल्यास तो जड लागला पाहिजे. मोकळा गरगरला तर कपलिंग बदलावी.

सगळे स्वच्छ झाल्यावर कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे भरावे आणि रेडिएटरचे झाकण नवे घ्यावे. त्या झाकणाकडे फारसे कोणी पाहत नाही, परंतु दाब धरून ठेवण्याचे काम तेच करते आणि दाबामुळेच पाणी १२० अंशांपर्यंतही उकळत नाही. स्प्रिंग मरगळलेले झाकण असेल तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. काढलेले जुने कूलंट उघड्यावर ठेवू नये. ते चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात आणि ते त्यांना प्राणघातक ठरते.

प्रश्न : पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते आणि शिसे तर केव्हाच गेले. जुन्या इंजिनाला यांपैकी कशाची भीती अधिक बाळगावी?

उत्तर : इथेनॉलची. शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये मिसळल्याने इंजिनाची ठोकर, म्हणजे जळण अवेळी पेटून होणारा ठकठकाट, थांबते, हे १९२१ साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत आढळले. त्याच शिशाने व्हॉल्व्हच्या बैठकांवर एक रक्षक थरही बसत असे. ते माणसांच्या, विशेषतः मुलांच्या, मेंदूला घातक असल्याने टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि २०२१ साली रस्त्यावरील वाहनांसाठीची त्याची विक्री जगभर संपली. ज्यांच्या बैठका बिडाच्या हेडमध्येच, म्हणजे सिलिंडरवरच्या भागातच, थेट कापलेल्या असतात, अशा इंजिनांना त्याचा फटका बसतो. मोठ्या आलिशान गाड्यांची हेड मात्र बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असतात आणि त्यांत कठीण धातूच्या वेगळ्या बैठका बसवलेल्या असतात, त्यामुळे आपल्याला या बाबतीत फार काळजीचे कारण नाही. ऑक्टेन पुरेसे असलेले पेट्रोल मात्र घालावे.

इथेनॉल तीन बाजूंनी त्रास देते. ते जुन्या जातीचे रबर फुगवते आणि भेगाळते, हवेतील पाणी ओढून घेते आणि टाकीत साचलेला जुना मळ सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकते. शिवाय समान आकारमानात त्याची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असल्याने आणि त्यात ऑक्सिजन असल्याने, जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला मिश्रण पातळ मिळते. मिश्रण त्याप्रमाणे पुन्हा जुळवून घ्यावे. पेट्रोलचा प्रत्येक रबरी पाइप इथेनॉल सोसणाऱ्या जातीचा बसवावा आणि वर्षातून एकदा त्याला चिमटीत दाबून पाहावे. पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या, हाताला ओलसरपणा लागला किंवा बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला, तर गाडी तिथेच थांबवावी. जुन्या गाड्यांना आगी लागण्याच्या कारणांत फुटका पेट्रोल पाइप वरच्या क्रमांकावर आहे, आणि बॉनेटखाली त्याच्या शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो. एक अग्निशामक चालकाच्या हाताला येईल असा गाडीत बसवावा, डिकीत नव्हे.

प्रश्न : हेडलाइट मंद आहेत, खिडक्या रेंगाळत वर जातात, कधी वायपर बंद पडतो. सगळे वायरिंग बदलावे लागेल असे सांगण्यात आले आहे. खरोखर तशी गरज असते का?

उत्तर : बहुतेक वेळा नसते. एकाच वेळी अनेक उपकरणे मंद पडत असतील, तर दोष उपकरणांत नसून विजेच्या वाटेत असतो आणि ती वाट बहुधा अर्थिंगच्या जोडावर किंवा फ्यूजपेटीत अडलेली असते. बॅटरीपासून सुरुवात करावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज सुमारे १२.६ असते, ते १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्मीच भरलेली आहे. त्यानंतर पत्र्याला जोडलेली प्रत्येक अर्थिंगची वायर सोडवून, खालचा गंज आणि रंग घासून, धातू चमकेपर्यंत साफ करून पुन्हा घट्ट आवळावी.

त्या काळातील युरोपीय गाड्यांत दोन्ही टोकांना निमुळते, चिनीमातीचे किंवा प्लास्टिकचे छोटे फ्यूज असतात, जे पितळी पट्ट्यांच्या चिमट्यात नुसते धरलेले असतात. त्यांच्या टोकांवर ऑक्साइडचा करडा थर चढतो. फ्यूज उडालेला नसतो, पण वीजही धड जात नाही. प्रत्येक फ्यूज बोटाने जागच्या जागी दोन-तीनदा फिरवला तरी काही उपकरणे तत्काळ शुद्धीवर येतात. मग ते सगळे काढून, चिमटे बारीक सँडपेपरने साफ करून, त्याच अँपिअरचे नवे फ्यूज बसवावेत. अधिक अँपिअरचा फ्यूज घालून तात्पुरते भागवणे म्हणजे तारेलाच फ्यूज करणे आहे.

याला एक अपवाद आहे. १९९० च्या दशकाच्या पहिल्या सहा-सात वर्षांतील काही मर्सिडीज गाड्यांच्या इंजिनाच्या वायरिंगवर असे आवरण वापरले गेले, जे उष्णतेने कोरडे पडून हाताने वाकवताच बिस्किटासारखे झडते. ते तसे झाले असल्यास वायरिंग खरोखरच बदलावे लागते आणि त्याला पर्याय शोधू नये.

प्रश्न : एसीचा मूळ गॅस मिळत नाही. ‘सरळ भरता येतो’ असा दुसरा गॅस गॅरेजमध्ये सुचवतात. भरू का?

उत्तर : आपल्या एसीचा मूळ गॅस आर-१२ असणार. ओझोनच्या थराला हानी करणाऱ्या रसायनांवरील १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याचे उत्पादन थांबत गेले. त्याऐवजी आर-१३४ए वापरता येतो. पण जुन्या खनिज तेलात तो मिसळत नाही, म्हणून कंप्रेसरमधील तेल बदलणे, ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) आणि सगळ्या ओ-रिंगा (जोडांतील रबरी कड्या) नव्या बसवणे आणि यंत्रणा निर्वात करून घेणे आवश्यक असते. गॅसही मूळ वजनाच्या साधारण ८० ते ८५ टक्केच भरावा. गारवा पूर्वीपेक्षा थोडा कमी लागेल. ‘सरळ भरण्याच्या’ गॅसांपैकी काहींत प्रोपेन-ब्युटेनसारखे ज्वालाग्राही वायू असतात. ज्या यंत्रणेची रचना त्यांच्यासाठी झालेली नाही, तिच्यात ते भरू नयेत.

प्रश्न : लाकडावरचे पॉलिश तडकले आहे, चामड्याला सुरकुत्या आहेत, रंगही काही ठिकाणी उडाला आहे. सगळे नव्यासारखे करून घ्यावे, की आहे तसेच राखावे?

उत्तर : या प्रश्नावर माझे मत ठाम आहे : जे वाचवता येते ते बदलू नये. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फिव्हाची, भूमिकाही हीच आहे. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था किमान तीस वर्षे जुन्या वाहनाला ऐतिहासिक मानते आणि तिच्या तुरीन सनदेत जतनाला पुनर्निर्मितीपेक्षा वरचे स्थान दिले आहे. कारखान्यात त्या काळच्या कारागिराने निवडलेला अक्रोडाचा पातळ पापुद्रा, ज्यात डाव्या आणि उजव्या बाजूंच्या रेषा आरशातल्यासारख्या जुळवलेल्या असतात, एकदा काढून टाकला की तो पुन्हा मिळत नाही. तडकते ते बहुधा वरचे लॅकर. खालचे लाकूड शाबूत असते. जाणकार सुतार लॅकर उतरवून, पापुद्र्याला धक्का न लावता नवे चढवू शकतो.

चामड्यावर सिलिकॉनचे चकचकीत स्प्रे मारू नयेत. मऊ ब्रशने सौम्य साबणाचा फेस लावून, ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून मग चामड्याचे चांगले क्रीम पातळ लावावे. सुरकुती म्हणजे दोष नव्हे. भेग पडली तरच दुरुस्तीचा विचार करावा. रंगाचे मात्र वेगळे आहे. जिथे उघडा पत्रा दिसतो तिथे गंज आपली वाट पाहत नाही, त्यामुळे तेवढी जागा लगेच झाकावी. उरलेला मूळ रंग पातळ झाला असला तरी पॉलिशने घासत बसू नये.

प्रश्न : टायरांची नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण ते जुने आहेत. बदलावेत का?

उत्तर : टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या मालिकेतील शेवटचे चार अंक पाहावेत. २३१४ असे असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. तीनच अंक असतील तर तो २००० सालापूर्वीचा आहे. दहा वर्षांहून जुना टायर नक्षी कितीही असली तरी बदलावा. त्याआधीही बाजूंवर भेगा दिसल्या तर थांबू नये. नवे टायर घेताना वजन पेलण्याचा निर्देशांक गाडीच्या पुस्तिकेनुसार आहे ना, हे पाहावे आणि स्टेपनीचे वयही मोजावे.

प्रश्न : दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त होऊ लागला आहे. घरचे म्हणतात, आता विकून टाका. मन होत नाही. काय करावे?

उत्तर : बाजारभावाशी तुलना करून हा निर्णय घेऊ नये, कारण बहुतेक जुन्या आलिशान गाड्यांचा खर्च कधी ना कधी त्या रेषेपलीकडे जातोच. पुढील दोन वर्षांत करावीच लागतील अशा कामांची यादी मेकॅनिकसोबत बसून करावी. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि पेट्रोलची वाट ही कामे वेगळी काढावीत. ती पुढे ढकलता येत नाहीत. तेवढी घरखर्चाला धक्का न लावता करता येत असतील, तर गाडी ठेवावी आणि रंग, लाकूड, एसी यांना सवडीने हात लावावा. ती चार कामेही परवडत नसतील, तर ‘पुढे बघू’ म्हणून गाडी शेडमध्ये लावून ठेवणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण आज जी चालत्या स्थितीत विकता येते, ती पाच वर्षांनी फक्त सुट्या भागांसाठी विकली जाईल.

विकायचे ठरल्यास दोष लपवू नयेत आणि अधिक पैसे देणाऱ्याइतकाच विचार नीट राखू शकणाऱ्याचाही करावा. सगळ्या पावत्या, सर्व्हिसची पुस्तिका, दुसरी किल्ली, मूळ हत्यारांची पिशवी, आणि बदललेले पण जपून ठेवलेले मूळ भाग नव्या मालकाच्या हवाली करावेत. कोणत्या महिन्यात कोणते ऑइल, कोणता द्रव घातला, याची वहीही त्यांतच द्यावी.